नकुशी (नाव)

नकुशी हे महाराष्ट्रात, विशेषतः ग्रामीण भागात, मुलींना ठेवले जात आलेले मराठी नाव आहे. नकुसा, नकुशा, नकोशी ही त्याची अन्य रूपे होत. ‘नको असलेली’ हा त्याचा अर्थ आहे. मुलाची प्रतीक्षा करणाऱ्या कुटुंबात एकापाठोपाठ एक मुली जन्मल्या, की शेवटच्या मुलीला हे नाव दिले जाई. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींचे सामुदायिक नामकरण झाले, तेव्हा हे नाव देशभर चर्चेत आले.

व्युत्पत्ती

मराठीतील ‘नको’ हे पद अनिच्छा (‘मला नको’) आणि निषेध (‘जाऊ नको’) अशा दोन्ही अर्थांनी येते. त्यापासून ‘नकोसा, नकोशी, नकोसे’ हे विशेषण सिद्ध होते. बोलीत ओकाराचा उकार होऊन ‘नकुशी’ हे रूप रूढ झाले. वाक्यात हे विशेषण आले, तर ती गोष्ट कोणाला नकोशी आहे हे बहुधा संदर्भावरून कळते. विशेषनाम झाल्यावर मात्र तो ‘कोणाला’ गळून पडतो आणि दुसऱ्याची अनिच्छा हीच त्या मुलीची ओळख बनते.

नावामागील समजूत

नावाने ‘आता मुलगी नको’ असे दैवाला कळवले, की पुढील अपत्य मुलगा होईल, ही या प्रथेमागील समजूत आहे. वंश चालवणे, अंत्यविधी करणे आणि म्हातारपणी आधार देणे ही मुलाची कामे मानली गेली. मुलगी मात्र परक्याचे धन व हुंड्याचा भार ठरली. त्यातून ही समजूत दृढ झाली.

अशुभनिवारक नावांशी तुलना

धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावेही वरवर पाहता हीनतादर्शक वाटतात. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे अपत्याला दृष्ट लागू नये व मृत्यूचे लक्ष त्याकडे जाऊ नये म्हणून अशी नावे ठेवत. धोंडाबाई, दगडाबाई ही त्यांतली मुलींची नावे. या नावांचा उद्देश जन्मलेले मूल जगावे हा होता. ‘नकुशी’त समोरच्या मुलीसाठी कोणतीच प्रार्थना नाही, तिच्या नावाने केलेली विनवणी अजून न जन्मलेल्या भावासाठी असते. त्यामुळे बाह्य साम्य असले तरी ही दोन प्रकारची नावे एकाच वर्गात बसत नाहीत.

याच प्रसंगी नेमका उलट अर्थ असलेले नाव ठेवल्याची कथा इटलीत आढळते. तेथील ‘बेन्व्हेनुता’ या स्त्रीनामाचा अर्थ ‘भली आलीस’, म्हणजेच ‘स्वागत असो’, असा आहे. ईशान्य इटलीतील चिविदाले येथे १२५४ साली जन्मलेली बेन्व्हेनुता बोयानी ही ख्रिस्ती धर्मपरंपरेत पूज्य मानली जाते. परंपरागत कथेनुसार ती सातवी मुलगी होती. मुलाची आशा असलेल्या वडिलांना ही वार्ता सांगण्यास सुइणी कचरत होत्या. तेव्हा हिचेही स्वागतच आहे, असे ते म्हणाले व तेच तिचे नाव झाले.

सामाजिक संदर्भ

जनगणनेनुसार महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती. २०११ मध्ये ती ८९४ झाली. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ती ८०७ इतकी खाली आली. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला. मात्र हे कायदे जन्मापूर्वीच्या निवडीस आळा घालतात. मुलगा होईपर्यंत अपत्ये होऊ देणे ही त्याच इच्छेची दुसरी बाजू आहे व ‘नकुशी’ हे नाव तिचे द्योतक आहे. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालात अशा ‘नकोशा’ मुलींची संख्या सुमारे २ कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला आहे. त्यांतील बहुतेकींची नावे अर्थातच वेगळी आहेत.

पुनर्नामकरण

सातारा जिल्ह्यात आरोग्य विभागाने या नावाच्या मुलींचा शोध घेतला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या सोहळ्यात दोनशेहून अधिक मुलींनी नवी नावे घेतली व त्यांना तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. ऐश्वर्या, वैशाली ही त्यांपैकी काही नावे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील नाव पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि इतर कागदपत्रांसाठी तोच दाखला आधार ठरतो. म्हणून नोंदी बदलणे हा पुनर्नामकरणाचा महत्त्वाचा भाग आहे. प्रौढ व्यक्तीस नावातील बदल महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करता येतो.

२०१६ मध्ये ‘नकुशी’ याच नावाच्या नायिकेवर आधारित मराठी दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. तिच्या शीर्षकात या शब्दाला ‘हवीहवीशी’ हा विरुद्धार्थी शब्द जोडलेला होता.