वाकणे वेगळे, पिळणे वेगळे

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'च्या पुस्तकात बेंडिंगचा एक चॅप्टर असतो, टॉर्शनचा दुसरा. हे दोन्ही एकदम आले तर काय होतं, ते सांगणारा 'कम्बाइन्ड लोडिंग'चा चॅप्टर पार मागे असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्यापैकी बरेचजण तो ऑप्शनला टाकतात. मित्रांनो, मीसुद्धा टाकला होता. नंतर एका लढाऊ विमानाची हकीकत वाचली आणि तो चॅप्टर पुन्हा उघडला.

तारीख 6 सप्टेंबर 1952, वार शनिवार. इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे विमानांचं प्रदर्शन भरलं होतं. दुसरं महायुद्ध संपून सातच वर्षं झाली होती. जेट विमानांचं लोकांना भयंकर आकर्षण, त्यामुळे त्या दिवशी सुमारे 1,20,000 प्रेक्षक जमले होते. डी हॅविलंड कंपनीचं डीएच-110 हे दोन इंजिनांचं लढाऊ विमान, अजून चाचण्या चालू असलेलं, कसरती दाखवणार होतं. वैमानिक होते जॉन डेरी. 1948 मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारा पहिला ब्रिटिश वैमानिक म्हणून त्यांचं नाव झालेलं. सोबत निरीक्षक अँथनी रिचर्ड्स. खरं तर त्या दिवशी ते याच जातीचं दुसरं विमान उडवणार होते. त्यात बिघाड निघाला म्हणून हॅटफील्डहून हे आणलं.

डेरींनी सुमारे 40,000 फुटांवरून सूर मारला. ध्वनीचा वेग ओलांडल्याचे धमाके खाली ऐकू आले, लोक खूश झाले. मग विमान खाली आलं आणि ताशी सुमारे 830 किलोमीटर वेगाने डावीकडे वळण घेत गर्दीच्या दिशेने आलं. डेरींनी वळणातून विमान सरळ करत नाक वर उचललं, आणि एका सेकंदाच्या आत विमानाचे तुकडे झाले. पंखांची टोकं, दोन्ही इंजिनं, कॉकपिट, सगळं वेगवेगळं. एक इंजिन जाऊन टेकडीवर उभ्या असलेल्या प्रेक्षकांत पडलं. 29 प्रेक्षक आणि विमानातले दोघे, असे 31 जण गेले.

आता प्रश्न असा, की याहून कितीतरी अवघड वाटणारा सूर ज्या विमानाने सहज मारला, ते एका साध्या वळणात का मोडलं?

विमानाचं नाक वर खेचलं की पंखांवरचा भार वजनाच्या कित्येक पट होतो आणि पंख वर वाकू पाहतो. हे झालं बेंडिंग. वळणातून सरळ होताना वैमानिक पंखाच्या मागच्या कडेवरची एलेरॉन नावाची फळी हलवतो. ती पंखाची मागची कड वर किंवा खाली ढकलते, म्हणजे पंखाला पीळ बसतो. हे झालं टॉर्शन. डेरींनी त्या क्षणी दोन्ही एकदम केलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती, लढाऊ विमानाला हे रोजच करावं लागतं.

कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन घ्या आणि टेबलावर उभा ठेवून वरून दाबा. पातळ असूनही तो बऱ्यापैकी जोर घेतो. तसाच दाबून धरून किंचित पिळा. लगेच सुरकुती पडते, आणि एकदा सुरकुती पडली की खेळ खलास. पंख वर वाकतो तेव्हा त्याचा वरचा पत्रा असाच दाबला जातो, आणि त्यात पीळ आला की पत्र्याची ताकद लवकर संपते. अवशेष, फोटो आणि फिल्म तपासून चौकशीत निष्कर्ष निघाला तो याच अर्थाचा. पंख सरळ खेचीला पुरेसा होता, पण खेच आणि पीळ एकत्र आल्यावर पंखाच्या टोकाकडच्या भागात पुढच्या कडेचं बांधकाम कमी पडलं.

नंतर या विमानाचं डिझाइन सुधारलं गेलं आणि 1959 मध्ये ते 'सी व्हिक्सन' नावाने ब्रिटिश नौदलात दाखलही झालं. प्रदर्शनांचे नियमसुद्धा बदलले. सरळ उडणारं जेट प्रेक्षकांपासून किमान 230 मीटर दूर, कसरती करणारं 450 मीटर दूर, आणि उंची किमान 150 मीटर. पण 2015 मध्ये शोरहॅमच्या प्रदर्शनात एक जुनं हंटर विमान कोसळून 11 जण गेले, ते सगळे कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर होते. म्हणजे नियम केले होते आतल्या माणसांसाठी, आणि मेली बाहेरची.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. अपघातानंतर त्याच दिवशी, अवशेष बाजूला केल्यावर, नेव्हिल ड्यूक या वैमानिकाने ठरल्याप्रमाणे आपलं हंटर विमान उडवलं. दुसऱ्या दिवशी चर्चिलनी त्यांना पत्र लिहून शाबासकी दिली. धैर्य म्हणावं तर हेच. पण डेरी आणि रिचर्ड्स यांच्याकडेही धैर्य कमी नव्हतं. कमी पडला तो पत्रा, आणि पत्रा किती लागेल हे आकाशात नाही, आपल्यासारख्यांच्या टेबलावर ठरतं.

म्हणून म्हणतो, तो शेवटचा चॅप्टर ऑप्शनला टाकू नका. पेपरात एकेका प्रश्नात एकच लोड येत असेल, पण पंखावर सगळे एकदमच येतात.