अल्झायमर रोगाच्या आरंभी मेंदूतील जोडणीत होणारे बदल

अल्झायमर रोग हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. या रोगात मेंदू आकसतो; मात्र हे आकसणे ठळक होण्यापूर्वीच मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधील संपर्क बिघडू लागतो. या संपर्कास जोडणी म्हणतात. चेतातंतूंच्या जुडग्यांनी प्रत्यक्ष बांधलेली ती रचनात्मक जोडणी, तर दूरवरच्या दोन भागांची सक्रियता एकाच लयीत कमीअधिक होणे ही कार्यात्मक जोडणी होय. रस्ता आणि त्यावरील वाहतूक यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे.

विश्रांत मेंदूचे जाळे

कार्यात्मक जोडणी मुख्यतः एमआरआयच्या साहाय्याने, रक्तातील प्राणवायूच्या पातळीतील चढउतारांवरून मोजली जाते. व्यक्ती काहीही न करता स्वस्थ पडून असतानाही मेंदूचे काही ठरावीक भाग एकत्र सक्रिय असतात. अमेरिकी चेताशास्त्रज्ञ मार्कस रेकल व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या स्थितीला 'डिफॉल्ट मोड' असे नाव दिले. गतस्मृती आठवणे, स्वतःविषयी विचार करणे ही कामे या जाळ्याशी निगडित आहेत. मायकेल ग्रायसियस यांच्या गटाने २००४ मध्ये अल्झायमरच्या सौम्य अवस्थेतील रुग्णांत या जाळ्याची सक्रियता घटल्याचे दाखविले. अमायलॉइड प्रथिनाचे थर प्रथम साचतात तेही बहुतांशी याच भागांत. सतत कार्यरत असलेल्या चेतापेशींतून अमायलॉइड अधिक स्रवते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे सर्वाधिक राबणारी केंद्रे आधी बाधित होत असावीत, असा तर्क केला जातो. टाऊ हे दुसरे प्रथिन मात्र स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसलगतच्या भागात प्रथम साचते आणि जोडणीच्याच मार्गांनी पुढे पसरत असावे.

घटीपूर्वीची वाढ

जोडणी आरंभापासून सरळ घटतच जाते, असे नाही. सौम्य बोधनक्षयाच्या अवस्थेत हिप्पोकॅम्पसची सक्रियता वाढलेली आढळू शकते. ही मेंदूने केलेली भरपाई मानली जाई. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात लेव्हेटिरासेटाम या अपस्मारावरील औषधाच्या अल्प मात्रेने ही सक्रियता कमी केल्यावर स्मृतिचाचणीतील कामगिरी सुधारली. म्हणजे ही वाढ, निदान अंशतः, बिघाडच होती.

हिप्पोकॅम्पस व त्याची जोडणी नव्या आठवणी रुजविण्यास आवश्यक असते. जुन्या, दृढ झालेल्या आठवणी तुलनेने उशिरा पुसल्या जातात. सकाळचे जेवण विसरणाऱ्या आजोबांना बालपणीचे श्लोक आठवतात, ते यामुळेच. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'अस्तु' या मराठी चित्रपटातील संस्कृत पंडिताची व्यक्तिरेखा (मोहन आगाशे) या रोगाने ग्रस्त आहे.

निदानातील मर्यादा

वरील निष्कर्ष रुग्णगटांच्या सरासरीवर आधारलेले आहेत. तपासणीवेळी डोके किंचित हलले वा डुलकी लागली तरी मापन बदलते. त्यामुळे केवळ जोडणीच्या मापनावरून एका व्यक्तीचे निदान केले जात नाही. शिक्षणाचाही परिणाम असतो: अधिक शिकलेल्या व्यक्तीत हानी बरीच होऊनही लक्षणे उशिरा प्रकटतात, तर निरक्षर व्यक्ती लेखन-वाचनावर बेतलेल्या चाचणीत रोग नसतानाही कमी गुण मिळवू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असून शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आहे. माळशिरससारख्या ग्रामीण तालुक्यातही संशयाची पहिली खूण बहुधा घरच्यांनाच दिसते: तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, हिशेब चुकणे, ओळखीची वाट हरवणे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व नैराश्य यांतही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. म्हणून तपासणीत ही कारणे आधी पडताळली जातात.