घेवड्याचा हायलम, गुर्द्याचा हायलम

घोडेगावच्या एका शिबिरात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढली होती. अकरावीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, बीचा हायलम म्हणजे देठ तुटल्यावर राहिलेला व्रण, असं आम्ही वनस्पतिशास्त्रात लिहितो. मग मूत्रपिंडही आधी कुठल्या तरी देठाला लागलेलं होतं का?’’ हशा पिकला. पण चूक तिची नव्हती. पुस्तकांनी एकच नाव दोन गोष्टींना दिले आणि त्या एक नाहीत हे सांगायचे राहून गेले.

आधी बी पाहू. मंचरच्या किंवा जुन्नरच्या बाजारातून राजमा, चवळी आणि वाल मूठमूठ आणा. राजम्याच्या खोलगट बाजूवर लांबट ठिपका दिसेल. चवळीत त्याभोवती काळा डाग असतो. वालाच्या कडेवरची पांढरी पट्टी नखाने काढली की तो खाली सापडतो. शेंगेत असताना दाणा एका नाजूक नाळेने शेंगेला जोडलेला असतो आणि त्याचे अन्नपाणी त्या नाळेतूनच येते. दाणा पिकला, नाळ तुटली, व्रण उरला, तो हायलम. मराठीत त्याला नाभी म्हणतात. मला हे नाव मुळापेक्षा सरस वाटते, कारण आपल्या बेंबीची कथा हीच आहे.

लॅटिनमध्ये हायलम म्हणजे क्षुल्लक वस्तू. कडधान्याच्या दाण्याला चिकटलेला कण तो हायलम, असे लोक मानतात, अशी नोंद फेस्टस या रोमन कोशकाराने केली आहे. ‘तेवढेही नाही’ या अर्थाने त्यापासून ‘निहिल’, म्हणजे ‘काहीच नाही’, हा शब्द झाला. आपण ‘तीळमात्र नाही’ म्हणतो, त्यातलाच प्रकार!

आता खाटकाकडून बकऱ्याचा गुर्दा आणा आणि राजम्याशेजारी ठेवा. घडण तीच, खळगाही त्याच जागी. या खळग्यालाच शरीररचनाशास्त्रात हायलम म्हणतात. त्यात तीन नळ्यांची टोके सापडतील: शीर, धमनी आणि मूत्रवाहिनी. माणसात त्या पुढून मागे साधारण याच क्रमाने असतात. टोके तुटलेली दिसतात ती सुरीमुळे. जिवंत शरीरात येथे काहीच तुटलेले नसते. विश्रांती घेत असलेल्या माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त जाते, ते या वाटेने. फुप्फुस, प्लीहा, लसीका ग्रंथी यांचाही हायलम असाच, म्हणजे वाहिन्यांची वेस. मूत्रपिंड देठावरून गळून पडलेले नाही. त्याचा ‘देठ’ जन्मभर चालू असतो.

जाता जाता तिसरा अर्थ. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा बटाटा कापून त्याचा रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्टार्चच्या अंडाकृती कणात एका टोकाजवळ बिंदू दिसतो आणि त्याभोवती थरांची वलये. तोही हायलम. येथे ना व्रण, ना वेस. कणाची वाढ जेथून सुरू झाली ती ही जागा.

मग बीचा हायलम निव्वळ मृत व्रण समजायचा का? भिजवलेला वाल पुसून हलकेच दाबा. पाण्याचा थेंब येतो तो हायलममधून नव्हे, तर त्याच्या शेजारच्या बीजरंध्रातून. विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात. पण हायलमलाही काम आहे. 1954 साली हाइड या शास्त्रज्ञाने क्लोव्हर आणि ल्युपिन या वालाच्याच कुळातल्या वनस्पतींच्या बिया तपासल्या. त्यांच्या हायलमच्या मधोमध बारीक चीर असते. बाहेरची हवा कोरडी असली की चीर उघडते आणि बीतली वाफ बाहेर जाते. हवा दमट झाली की चीर मिटते. ओल बाहेर जाऊ शकते, आत येऊ शकत नाही. सायकलच्या ट्यूबची झडप हवा आत घेते पण बाहेर सोडत नाही. येथे तेच उलटे. अशी बी तिला भेटलेल्या सर्वांत कोरड्या हवेइतकी कोरडी होते आणि पुढे दमट हवेतही तशीच राहते. टरफलातून पाणी शिरत नसल्याने ती रात्रभर भिजत घातली तरी सकाळी दगडासारखी हाताला लागते.