सुनावणीपूर्वींच्या तारखा

उपचारांतील हयगयीबद्दल भरपाई मागणारा दावा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत जिंकला जातो, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः त्याचें भवितव्य पुष्कळदा सुनावणीपूर्वींच ठरतें.

1963 सालच्या जुलै महिन्यांत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयांत एका बाळंतिणीवर संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया झाली. पोटांत फडकें राहून गेलें आणि ती दगावली. खालच्या न्यायालयानें 36,000 रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें 1996 सालीं तो पुनः कायम केला. मध्यें बत्तीसांहून अधिक वर्षें लोटलीं! एवढ्या काळांत साक्षीदारांचें स्मरण तें काय उरणार?

म्हणूनच कायद्यानें प्रत्येक पायरीस मुदत घातली आहे. दिवाणी दाव्यांत प्रतिवादीनें आपली कैफियत समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यावी. सबळ कारण असल्यास न्यायालय 90 दिवसांपर्यंत सवड देतें. मग न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात: रुग्णाची संमति घेतली होती काय? वैद्यकाची रूढ पद्धति पाळली गेली काय? हानि त्याच चुकीमुळें झाली काय? मुद्दे ठरल्यावर 15 दिवसांत साक्षीदारांची यादी द्यावयाची असते. अमेरिकेंतील संघीय न्यायालयांत तर न्यायाधीश आरंभींच आज्ञापत्र काढून पुरावा गोळा करण्याची अखेरची तारीख बांधून देतात.

जळगांव व धुळें येथील रुग्णांस दुसरा मार्गहि आहे, तो जिल्हा ग्राहक आयोगाचा. सर्वांना विनामूल्य उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र तेथें दाद मिळत नाहीं. त्यासाठीं दिवाणी न्यायालयच गांठावें लागतें. आयोगाकडे तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आंत नेली पाहिजे. उत्तरास 30 दिवस, आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. 45 दिवसांनंतरचें उत्तर स्वीकारतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें 2020 सालीं ठरविलें.

परंतु खरी घाई याहून आधींची आहे. डॉक्टरांनीं आंतररुग्णाचीं कागदपत्रें उपचारारंभापासून तीन वर्षें जपावीं आणि मागणी होतांच 72 तासांत द्यावीं, असा वैद्यकीय आचारनियम आहे. तेव्हां दुःखाच्या भरांतहि घरांतील एका शहाण्या माणसानें लेखी अर्ज करून तीं मागून घ्यावींत व अर्जाची पोंच जपून ठेवावी. निष्णात डॉक्टरांचें मत व वकिलाची बाजू, दोहोंचा पाया तींच असतात. वेळेवर मागितलेला कागद हा न थकणारा, न विसरणारा साक्षीदार होय.