प्रेस्बिटेरियन मंडळी : तिची श्रद्धा व तिचा कारभार

आजच्या भाषणाचा विषय आपणांपैकी पुष्कळांस दूरचा वाटेल. आमच्या कसाऱ्यास, किंवा शहापूर-मुरबाडकडील खेड्यापाड्यांत, प्रेस्बिटेरियन हे नाव सहसा कानी पडत नाही. आणि पडलेच तर ‘ख्रिस्ती लोकांतील कोणतासा पंथ’ एवढ्यावर आपली जिज्ञासा संपते. माझीही स्थिती पुष्कळ वर्षे अशीच होती.

शिक्षकाच्या नोकरीत असताना कोल्हापूरकडील एक ख्रिस्ती गुरुजी माझे सहकारी होते. आम्ही एकाच चाळीत, भिंतीला भिंत लागून राहत असू. एके दिवशी त्यांस गावाकडून पत्र आले. ते वाचून म्हणाले, “गुरुजी, मला दोन दिवसांची रजा काढली पाहिजे. वडिलांची सभा आहे.” मला ‘सभा’ हा शब्द नीट ऐकू आला नाही. मी काळजीने विचारले, “वडिलांची प्रकृती बरी आहे ना?” ते हसले व म्हणाले, “आमचे वडील वारून दहा वर्षे झाली. ही मंडळीच्या वडिलांची सभा. मीही त्यांतलाच एक वडील आहे.” त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीच्या आतच होते.

या एका शब्दात सगळा विषय साठविलेला आहे. ग्रीक भाषेत ‘प्रेस्बिटेरोस’ म्हणजे वयाने किंवा मानाने वडील असलेला मनुष्य. मराठी बायबलातही या पदासाठी ‘वडील’ हाच शब्द योजिला आहे. ज्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार अशा वडिलांच्या हाती असतो, ती प्रेस्बिटेरियन मंडळी. रोमन कॅथलिक मंडळीत पोप, बिशप व धर्मगुरू अशी वरून खाली उतरणारी परंपरा असते. प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत मंडळीचे सभासद आपल्यांतूनच काही माणसे निवडतात. त्यांत शेतकरी असेल, शिक्षक असेल, मजूरही असेल. त्यांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थनेने त्यांस अधिकार दिला जातो. हे वडील व पाळक, म्हणजे उपदेश करणारा धर्मगुरू, एकत्र बसून मंडळीचा कारभार पाहतात. या बैठकीस ‘सेशन’ म्हणतात. पाळक तिचा अध्यक्ष खरा, पण धनी नव्हे.

सेशनच्या वर प्रेस्बिटरी असते. तीत त्या भागातील पाळक आणि प्रत्येक मंडळीने पाठविलेले वडील बरोबरीने बसतात. तिच्या वर सिनड व सर्वांच्या वर महासभा. खालच्या सभेचा निर्णय न पटल्यास वरच्या सभेकडे दाद मागता येते. आपल्याकडे १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी तीन पायऱ्यांची रचना झाली; ती ज्यांच्या परिचयाची आहे त्यांस ही व्यवस्था समजावयास कठीण जाऊ नये. स्कॉटलंडातील महासभेचा अध्यक्ष, ज्यास मॉडरेटर म्हणतात, तो केवळ एका वर्षापुरता निवडला जातो. वर्ष संपले की तो इतरांसारखाच एक सभासद.

आता कोणी विचारील की, हा तर कारभाराचा प्रकार झाला. यात धर्म कोठे आला? याचे उत्तर या पंथाच्या श्रद्धेत आहे. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विन या फ्रेंच पंडिताने जिनिव्हा शहरी जी शिकवण दिली, तीवर हा पंथ उभा आहे. त्याचा शिष्य जॉन नॉक्स याने ती स्कॉटलंडात नेली व १५६० साली तेथील पार्लमेंटाने पोपची सत्ता झुगारून नवे मतपत्र स्वीकारले. पुढे १६४७ साली लंडनात वेस्टमिन्स्टर येथे भरलेल्या धर्मपंडितांच्या सभेने १०७ प्रश्नोत्तरांची एक लहान पोथी तयार केली; मुलांनी ती तोंडपाठ करावी अशी पद्धत पडली.

या शिकवणीचा गाभा असा की, सर्व सत्ता एका परमेश्वराची आहे. मनुष्याचे तारण त्याच्या पुण्याईने होत नसून केवळ देवाच्या कृपेने होते, आणि ती कृपा येशू ख्रिस्तावरील विश्वासाने मिळते. पवित्र शास्त्र हेच अखेरचे प्रमाण. विधी दोनच, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. बाप्तिस्मा विश्वासणाऱ्यांच्या तान्ह्या लेकरांसही देतात. कोणाचे तारण व्हावे हे देवाने आधीच ठरविले आहे, असेही कॅल्विन शिकवीत असे. या मतावरून पंथात फार वाद झाले आणि आज सर्वच त्यावर सारखा भर देतात असे नाही.

या श्रद्धेतून वरील कारभार कसा निघतो, ते पाहा. सत्ता देवाची एकट्याची, म्हणून कोणाही माणसास मंडळीवर राज्य करण्याचा हक्क नाही. मनुष्यमात्र पापी आहे; मग पाळकही पापी, वडीलही पापी. तेव्हा एकाच्या हाती सर्व अधिकार सोपविणे धोक्याचे, आणि दहा जणांनी एकमेकांवर नजर ठेवणे हेच शहाणपणाचे. शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचावयाचे, म्हणून प्रत्येकास वाचता आले पाहिजे. नॉक्सच्या मंडळीने १५६० सालीच प्रत्येक गावी शाळा असावी असा आराखडा मांडला होता. हा पंथ जेथे गेला तेथे देवळाबरोबर शाळा गेली, याचे कारण हे आहे.

महाराष्ट्रातही तसेच घडले. स्कॉटिश मिशनरी १८२३ साली कोकणात बाणकोटास आले. १८२९ साली डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले व १८३१ साली त्यांनी एतद्देशीयांची लहानशी मंडळी या पद्धतीवर स्थापन केली. पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. विल्सन कॉलेजाचा उगमही १८३२ सालच्या त्यांच्या शाळेत आहे. नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप गेले. त्यांचे नाव तेथील कॉलेजास आहे. कोल्हापुरास १८५२ साली रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन गृहस्थ आले, आणि १८७० साली ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळाने आपल्याकडे घेतले. त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले. मिरजेचे नाव शस्त्रक्रियेसाठी दूरवर गाजले ते त्यांच्यामुळे.

तत्त्वासाठी या मंडळींनी झीजही सोसली. १८४३ साली स्कॉटलंडात असा प्रश्न उभा राहिला की, गावच्या जमीनदाराने आपल्या मर्जीचा पाळक मंडळीवर लादावा काय? ज्यांस हे मान्य नव्हते असे साडेचारशेंहून अधिक पाळक आपली घरे व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र मंडळी काढली. मुंबईत डॉ. विल्सन त्यांच्या बाजूस गेले आणि शाळेसाठी उभारलेली नवी इमारत त्यांस सोडावी लागली.

याहून मोठी परीक्षा आपल्या देशात झाली, ती जातीच्या प्रश्नावर. नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईस ख्रिस्ती झाले व पुढे पाळक झाले. ते जालन्यास गेले. तेथे त्यांच्या मंडळीत आले ते बहुतांशी मांग समाजातील लोक. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे तुकडे व एका पेल्यातील द्राक्षारस सर्वांनी घ्यावयाचा असतो. ज्या काळी सावलीचा विटाळ मानीत, त्या काळी ब्राह्मणाच्या व मांगाच्या ओठांस एकच पेला लागला, ही गोष्ट लहान नव्हे. बाबा पदमनजी, ज्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले, तेही काही वर्षे याच स्कॉटिश मंडळीचे पाळक होते.

माझ्या सहकाऱ्याबरोबर एका वर्षी मी त्यांच्या गावी गेलो. रविवारची उपासना साधी होती. मूर्ती नाही, धूप नाही. मध्यभागी शास्त्र ठेवावयाचे मेज. स्कॉटलंडात पूर्वी वाद्यावाचून स्तोत्रे गात. येथे मात्र पेटी व तबला होता, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने चालली होती. टिळक वस्तुतः निराळ्या मिशनचे. पण त्यांची पदे सर्व मराठी मंडळ्यांनी आपली मानली आहेत. मला तर आमच्या गावच्या सप्ताहात बसल्यासारखे वाटले.

उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा होती. मी मागे बसून राहिलो. एका वडिलांनी जमाखर्च वाचून दाखविला व “मंजूर आहे ना?” असे विचारले. माना डोलू लागल्या. इतक्यात एक म्हातारी उठली. मोलमजुरी करणारी बाई, पायांत वहाण नव्हती. ती म्हणाली, “कापणीच्या सणाला मी दोन पायली भात घातलं. लिलावाचा पैसा वहीत आला का न्हाई, त्ये वाचलं न्हाईसा.” सभा स्तब्ध झाली. पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी वही पुन्हा मागविली. लिलावाची रक्कम दुसऱ्या पानावर लिहिली होती. वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली होती. ती मोठ्याने वाचली गेली, बेरीज पुन्हा केली गेली, आणि मगच हिशेब मंजूर झाला. म्हातारी खाली बसली. तिला कोणी शाबासकी दिली नाही. तिने काही विशेष केले असे कोणास वाटलेच नाही.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या शाळेच्या समितीच्या सभेचे वृत्त मी घरी बसून लिहीत असे व वही घरोघर पाठवून सह्या आणीत असे. ते सभासद बहुतेक आदिवासी पालक. अंगठा कोठे करावयाचा एवढेच ते मला विचारीत. पैसा मी खाल्ला नाही. पण त्यांचा विचारण्याचा अधिकार मी खाल्ला होता. पुढच्या महिन्यापासून मी सभा खरोखर भरवू लागलो. पहिल्या तीन सभांत कोणी बोलले नाही. चौथ्या सभेत एका बापाने विचारले की, खडूचा पेटी-खर्च दोनदा का लिहिला आहे? चूक माझीच होती.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नव्हे. माझ्या मित्राने ते झाकून ठेविले नाहीत. वडीलकी काही ठिकाणी घराण्यात मुरते. पाळकाशी न पटल्यास दोन तट पडतात. जमिनीच्या मालकीवरून भाऊ भावाविरुद्ध न्यायालयात जातो. बायांस वडील होण्याचा अधिकारही उशिराच मिळाला : अमेरिकेतील एका मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९३० साली व स्कॉटलंडात १९६६ साली. ज्या पंथाने सर्वांस समान म्हटले, त्यास अर्ध्या माणसांची आठवण होण्यास चारशे वर्षे लागली. सभेची पद्धत हे केवळ भांडे होय; त्यात काय ओतावयाचे ते माणसांनीच ठरवावयाचे असते.

आज महाराष्ट्रात प्रेस्बिटेरियन हे नाव पाटीवर क्वचितच दिसते, त्याचे कारण सांगितले पाहिजे. १९०४ साली भारतातील अनेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ साली त्यांचे काँग्रिगेशनल मंडळ्यांशी ऐक्य झाले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अस्तित्वात आली. तीत बिशप आहेत. परंतु वडिलांच्या सभेची जुनी पद्धतही तिच्या घटनेत सामावून घेतली आहे. नाव मावळले, पण पद्धतीचा अंश राहिला. ईशान्येकडे मात्र मेघालय व मिझोराम येथे वेल्श मिशनऱ्यांनी लावलेला हा वृक्ष त्याच नावाने बहरला आहे. मिझोराममधील बाया रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूस काढून ठेवतात, आणि हा परिपाठ शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. ज्याची मूठ पडली, त्यास हिशेब विचारण्याचे बळ येते. आपल्याकडेही मुष्टिफंड होते. शहापूर-मुरबाडचा तर मुलूखच भाताचा.

कसाऱ्यास राहणाऱ्यास एक दृश्य नित्याचे आहे. इगतपुरीकडे जाणारी गाडी येथे थांबते, आणि तिच्या पाठीमागे आणखी इंजिने जोडतात. थळघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. तो पुढच्या एका इंजिनाने चढवत नाही. उतारू पुढचे इंजिन पाहतो. मागून रेटणारे त्याच्या नजरेस पडत नाही. पुढे पाळक असो, सरपंच असो वा मुख्याध्यापक असो, चढ चढावयाचा तर मागून रेटणारे हात हवेत, आणि वेळ पडल्यास ‘थांबा’ म्हणणारा आवाजही हवा.

माझे ते मित्र आता आपल्या गावी असतात. मध्यंतरी त्यांचे पत्र आले. त्यांच्या मंडळीने यंदा वडील म्हणून एका बाईस निवडले आहे. ती, त्यांनी लिहिले आहे, दोन पायली भाताचा हिशेब मागणाऱ्या त्या म्हातारीची नात.