एसीचं पाणी श्रावणातच का गळतं?

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो, अकोल्याच्या जुन्या शहरातला एसी रात्रभर चालतो आणि बाहेरच्या नळीतून जेमतेम चार थेंब पडतात. तोच एसी श्रावणात, राजराजेश्वराच्या कावडीचे वेध लागलेले असताना लावला, की भिंतीवर ओघळ. मग मेकॅनिकला फोन: गॅस गेला वाटतं! बहुतेकदा गॅस जागच्या जागी असतो.

पाणी मुळात एसीचं नसतंच; ते खोलीतल्या हवेतलं. आतली कॉइल साधारण १० अंशांच्या आसपास थंड असते. वैशाखातली कोरडी हवा तिच्यावरून गेली तरी तिच्यात सोडण्याजोगी वाफच नसते. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत दर घनमीटरला २० ग्रॅमहून जास्त वाफ असू शकते. ती कॉइलवर जमते, खालच्या ट्रेत उतरते आणि दीड टनाचा एसी तासाला लीटर-दोन लीटर पाणी सहज काढतो.

हे पाणी पंपाने नव्हे, नुसत्या उताराने बाहेर जातं. त्यामुळे सगळा खेळ ढाळाचा. पाइपाला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर ढाळ हवा, तोही सलग. मध्ये कुठे पाइप लोंबला की तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं, आणि पाणी ट्रेवरून घरात येतं. पाइपाचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. हवा अडते आणि पाणी मागे तुंबतं. नालीच्या पाइपात ते थेट ठोकून बसवलं तर वास खोलीत येतो. नहाणीच्या जाळीच्या वीतभर वर मोकळं सोडणं उत्तम.

इंग्लंडात घरं तापवणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरचंही असंच पाणी काढावं लागतं. ते आम्लधर्मी, म्हणून पाइप प्लास्टिकचाच. शिवाय कडाक्याच्या थंडीत तो गोठून बॉयलरच बंद पडतो. आपल्याला ना आम्लाची भीती, ना बर्फाची. अकोल्यात मोर्णा नदीकाठच्या जुन्या घरांत भीती आहे ती मातीच्या जाड भिंतींची. त्या पाणी पितात आणि पोपडे बऱ्याच दिवसांनी दाखवतात. म्हणून भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडावं, आत प्लास्टिकचा तुकडा बसवावा आणि पाइपावर फोमचं आवरण घालावं. थंड पाइपालाही दमट हवेत घाम सुटतो. तो भिंतीतच मुरतो. पाणी भिंतीच्या पायथ्याशी, गल्लीत किंवा विजेच्या मीटरवर पडणार नाही हे पाहावं, हे वेगळं सांगायला नको.

पावसाळ्याआधी मेन स्विच बंद करून फिल्टर धुवा, ट्रेत तांब्याभर पाणी हळूहळू ओता आणि कुणाला तरी बाहेर उभं करा. धार लगेच आली तर ठीक. नाही आली तर घाण बाहेरच्या टोकाने ओढून काढायची. बाहेरून फुंकली तर ती ट्रेत परत जाते. आणि एसी भर मे महिन्यात घरात गळला, तर मात्र फिल्टर चोंदलाय किंवा गॅस खरंच कमी झालाय, असं समजा: कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केला की वितळतो.

खारपाणपट्ट्याच्या मुलखात हे बिनक्षाराचं पाणी फेकणं जिवावर येतं. फरशी पुसायला, कूलरच्या टाकीत टाकायला ते छान, खार धरत नाही. साठवलंत तर झाकून, डास होतात. पिऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात उतरलेले असतात, तिथे विकतचं डिस्टिल्ड वॉटरच हवं.