निरोप पाहुण्याचा, दार यजमानाचे

संगणकाचा प्रोसेसर एका कामात गुंतलेला असतो. तेवढ्यात कळफलकावरची कळ दाबली जाते, तारेवरून माहिती येते किंवा घड्याळाचा ठोका पडतो. तो भाग प्रोसेसरला संकेत पाठवतो. प्रोसेसर हातातल्या कामाची खूण ठेवतो, संकेताची दखल घेतो आणि मूळ कामाकडे परततो. या संकेताला 'इंटरप्ट' म्हणतात.

आता समजा, सांगलीतील एका संगणकावर दोन आभासी संगणक चालू आहेत. एकात साताऱ्याच्या शाळांचे निकाल आहेत, दुसऱ्यात सांगलीच्या. दोघांनाही वाटते, सारे यंत्र आपलेच! प्रत्यक्षात प्रोसेसर एकच असून तो त्यांना आळीपाळीने मिळतो. ही वाटणी करणारी आज्ञावली म्हणजे 'हायपरव्हायजर', आणि आभासी संगणक म्हणजे तिचे 'पाहुणे'. आयबीएमने १९७२ साली अशी प्रणाली विक्रीस आणली. लिनक्समध्ये 'केव्हीएम' ही सोय २००७ साली आली.

सांगलीची पाळी चालू असताना साताऱ्याचा निरोप आला तर? हायपरव्हायजर तो स्वतः स्वीकारतो आणि साताऱ्याच्या नावे नोंदवून ठेवतो. साताऱ्याची पाळी आली, की तो पोचवतो. पण त्या पाहुण्याने नाजूक काम चालू असल्याने दार लावून घेतले असेल, तर ते उघडेपर्यंत थांबावे लागते.

खरी अडचण मोजणीची आहे. नेहमीच्या प्रोसेसरांत इंटरप्टना २५६ क्रमांक असतात आणि 'निरोप आला आहे' एवढेच सांगणारी एकेक खूण प्रत्येकासाठी असते. किती आले, हे ती सांगत नाही. पाहुण्याचे घड्याळ सेकंदाला १०० ठोक्यांवर चालते असे धरू. म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक ठोका. साताऱ्याला ५० मिलिसेकंद पाळी मिळाली नाही, तर पाच ठोके पडतील, पण खूण एकच राहील. चार ठोके हरवतील आणि घड्याळ ४० मिलिसेकंद मागे पडेल. असे वारंवार झाले, तर नोंदींच्या वेळा चुकू लागतील.

यावर दोन उपाय आहेत. हायपरव्हायजरने हुकलेले ठोके मोजून नंतर एकेक करून द्यावेत, किंवा पाहुण्याने ठोके न मोजता सतत चालणाऱ्या गणकावरून वेळ वाचावी. शिवाय प्रत्येक निरोपासाठी पाहुण्याला थांबवण्यात वेळ जातो. म्हणून नव्या प्रोसेसरांत चालू पाहुण्याला निरोप थेट पोचवण्याची सोय आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. डोळे मिटलेल्या विद्यार्थ्यासमोर पाच टाळ्यांसाठी एकच खडू ठेवा. डोळे उघडल्यावर टाळ्या किती झाल्या, हे त्याला विचारा. नंतर प्रत्येक टाळीला एक खडू ठेवून पाहा.